गट्स म्हणजे आतडी

माझी मावशी आतडी धुते. हे वाक्य मी कुठेही बोलले की समोरच्याचं तोंड कडू होतं, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

खाटिकखान्याच्या मागे एक लांबट शेड आहे. तिथे मेंढ्यांची आतडी पिंपं भरभरून येतात. त्यांतली घाण बोटांनी पिळून काढायची, कोमट पाण्यात भिजवायची, फळीवर पसरून बोथट सुरीने बुळबुळीत थर खरवडायचा, मग नळाला लावून पाणी सोडायचं आणि कुठे भोक आहे का ते बघायचं. धड असतात ती मिठात जातात आणि पुढे सॉसेजची सालं होऊन मोठ्या हॉटेलांत चवीने खाल्ली जातात. खाणारे बोटं चाटतात. मावशी मात्र बसमध्ये सीट रिकामी असली तरी उभी राहते. ती बसली की शेजारचं माणूस उठतं, आणि मग तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नवरा लवकर गेला. एकुलत्या लेकीला, चिंगीला, तिने ह्याच शेडच्या जिवावर शिकवलं, आणि शिकलेल्या चिंगीने पहिली नोकरी लागताच वेगळी खोली घेतली. "आई, तू येण्यापेक्षा मीच येत जाईन," असं म्हणाली. यायची कशी? सणकन येऊन फणकन जायची. तिला आईच्या केसांचासुद्धा वास यायचा. मला तिचा राग यायचा, पण मावशी मला गप्प करायची. "तिचं नाक खोटं बोलत नाही ना?" म्हणायची.

मग चिंगीने लग्न केलं. आमचे जावईबापू स्वच्छ, सुगंधी आणि गोड बोलणारे. त्यांच्या ऑफिसात दर आठवड्याला कुणीतरी येऊन त्यांना हिंमत शिकवतं, त्यामुळे 'गट्स' हा शब्द त्यांच्या तोंडात कायमचा. नोकरी बदलायला गट्स, लोन काढायला गट्स, कच्ची मिरची खायला गट्स. मी क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, मला शब्दांचं वावडं नाही; पण ह्या माणसाच्या तोंडून तो ऐकला की माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

आणि चिंगीचं आतडं सडलं. आधी पोटदुखी, मग ताप, मग एका दुपारी थेट ऑपरेशन. सडलेला भाग कापला, उरलेल्याचं टोक पोटावर बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. जे खाली जायचं ते आता तिथून, तिला कळायच्या आत, पिशवीत यायचं. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांनी पुन्हा आत जोडू, पण त्याआधी वजन वाढायला हवं. नाहीतर दुसरं ऑपरेशन झेपणार नाही.

चिंगीने जेवण सोडलं. हिशोब सोपा होता. खाल्लं नाही की पिशवी भरत नाही. गालफडं बसली, मनगटातून घड्याळ गळायला लागलं.

जावईबापूंनी काय केलं? टी-शर्ट छापले. 'टीम गट्स'. मित्रांमध्ये वाटले, स्वतः घालून फोटो टाकला, शेकडो लोकांनी शाबासकी दिली. स्वतः मात्र बाहेरच्या खोलीत झोपायला लागले, "तिला त्रास नको" म्हणून. रोज सकाळी पिशवी बदलायला नर्स आली की ह्यांना बरोबर कुणाचा तरी फोन येई.

एका रविवारी नर्स आली नाही. जावईबापूंनी मला फोन केला.

"तुमच्या मावशींना आणता का? म्हणजे, त्यांना काय, सवयच आहे ना."

माझं डोकंच फिरलं. पण मावशी दोन वेळा अंघोळ करून, केस साबणाने घासून तयार. वाटेत बसच्या दांड्याला धरून तिने मला विचारलं, "ते सारखं गट्स म्हणतात, ते काय असतं गं?"

"हिंमत."

"इंग्रजीत हिंमतीला गट्स म्हणतात?"

"मूळ अर्थ आतडी."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करत नाही हे कळल्यावर ती इतकी हसली की लोक बघायला लागले.

"आतडी? आमची? पिंपातली?"

"तीच. फार जुना शब्द आहे. त्याच्या मुळाशी ओतणं आहे. ज्यातून काही वाहतं ते. हिंमत हा अर्थ कितीतरी उशिरा चिकटला. पोटात दम असतो असं वाटलं असेल कुणाला."

"मग गटार त्यातलंच का?"

"नाही, ते वेगळं. ते इंग्रजी 'गटर'वरून आलं म्हणतात, आणि त्याचं मूळ थेंबात आहे."

"वासावरून तर सख्खं वाटतं," मावशी म्हणाली. मग जरा वेळाने, "आपण आतड्याची माया म्हणतो. ते हिंमत म्हणतात. मी जन्मभर आतडी पिळली बाई, शेणाशिवाय काही निघालं नाही."

चिंगीच्या खोलीत लिंबाच्या वासाच्या मेणबत्त्या लावल्या होत्या. लिंबू आणि त्याखालचा तो दुसरा वास मिळून जे काही झालं होतं, त्यामुळे मी आधी खिडकी उघडली. चिंगी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आई, तू बघू नकोस."

"अगं, त्यांना सवय आहे," जावईबापू दारातूनच म्हणाले. "आणि त्यात घाण काय? नॅचरल आहे ते. तू गट्स दाखव."

"मग तू ये ना आत," चिंगी म्हणाली.

त्यांना फोन आला.

मावशीने हात धुतले, पलंगाशी बसली, कडेने ओलं फडकं लावत सावकाश पिशवी सोडवली. खाली लालभडक, ओलं, बाहेर काढलेल्या जिभेसारखं टोक होतं. ते हललं. नेमकं तेव्हाच त्यातून पिवळं, पातळ काहीतरी भसकन आलं आणि मावशीच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं.

मावशीला उमळून आलं. तिने बाजूचं टमरेल ओढलं आणि चांगला आवाज करत त्यात ओकली.

चिंगी मान वळवून बघत होती.

"आई, तुला किळस आली?"

"येणारच की. घाण आहे ती." मावशीने खांद्याला तोंड पुसलं आणि दुसऱ्या फडक्याने चिंगीचं पोट टिपायला लागली.

"पण तुला तर सवय आहे."

"कुणी सांगितलं? शेडच्या दारात पाऊल टाकलं की आजही मला मळमळतं. सकाळी उपाशी जाते ती काय हौस म्हणून? काही खाल्लं तर तिथेच बाहेर पडेल."

चिंगी म्हणाली, "मला वाटायचं तुला काही वाटतच नाही. म्हणून मला तुझी किळस यायची."

"माहितीये."

"सगळे म्हणतात ह्यात काही घाण नाही. मला वाटायला लागलं, माझंच डोकं बिघडलंय."

"घाणच आहे," मावशी म्हणाली. "जरा वळ, कडेला राहिलंय."

नवी पिशवी चिकटली. मावशीने कोपरापर्यंत हात घासले, चूळ भरली आणि स्वयंपाकघरात जाऊन मऊ भात करून आणला. ताटली बघताच चिंगीने ओठ घट्ट मिटले. तिचा हात पोटावर, पिशवीवर गेला.

"खाल्लं की हे परत भरणार, आई."

"भरणारच. मी परत ओकेन आणि परत पुसेन. तू आ कर."

चिंगीने आ केला.