कोरीचा रिकामा खड्डा

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. बायोकेमिस्ट्रीवाली आहे मी. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर खुशाल ओलांडून जाते. तरी हे लिहितेय... कारण इतकी वर्षं झाली, उत्तर काही सापडलेलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिकला हायवेच्या बाजूचं एक फार्मसी कॉलेज. तिसऱ्या मजल्यावर लॅब, तळमजल्यावर प्रयोगाचे उंदीर ठेवायचं ॲनिमल हाऊस. नवरा अपघातात गेला त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. इंदिरानगरच्या फ्लॅटचं कुलूप उघडताना सवयीनं तोंडातून "आले हं" निघायचं. आतून "ये" म्हणणारं कुणी नव्हतं. घर खायला उठायचं, म्हणून मी रिसर्चला नाव नोंदवलं.

काम सोपं करून सांगते. अंड्याच्या बलकात फॉस्फोलिपिड नावाची चरबी असते. ती पचवणारं एन्झाइम उंदरांच्या आतड्यात किती जोरात काम करतं, आणि आमच्या औषधानं ते मंदावतं का, एवढंच बघायचं होतं. बलक मिसळलेली जेली काचेच्या बशीत ओतायची, ती थिजली की तिच्यात छोटे खड्डे पाडायचे, एकेका खड्ड्यात एकेका उंदराच्या आतड्याचा अर्क सोडायचा. एन्झाइम असेल तर सकाळपर्यंत खड्ड्याभोवतीची गढूळ जेली गोल नितळ होते.

उंदरांना नावं द्यायची नाहीत, हा नियम. ओळखायला पिवळ्या पिक्रिक ॲसिडचा ठिपका... कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर. पिंजऱ्यात एक बिनठिपक्याची असते, ती कोरी. आता हाक मारायला एवढंही पुरतं ना. औषध न दिलेल्या गटातली एक कोरी होती. मी "आले हं" म्हटलं की ती जाळी धरून मागच्या पायांवर उभी राहायची. बाकीच्या ढिम्म. ॲनिमल हाऊसचं काम बघणारे शांतारामभाऊ दिंडोरीकडचे. ते म्हणायचे, "मॅडम, उंदराशी लय बोलता. आमी काय घोडं मारलंय?"

प्रयोग संपत आला, आता अर्कासाठी उंदीर मारायचे होते, तशी मी माझ्या गाईड सरांना विचारलं, एवढी एक जिवंत ठेवता येईल का.

"बाई, तिला वगळलं तर गट अपुरा पडेल, मग तुलना कशाशी करणार?" सर म्हणाले. खरंच होतं. ते काम मग त्यांनीच केलं. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. खूप रडले, अगदी नवरा गेला तेव्हा रडले नव्हते तेवढी.

बाकीच्यांचे अर्क मी बशीत सोडले. कोरीच्या अर्काला मात्र हात लावायचा धीर झाला नाही. बाटली टेप लावलेली तशीच फ्रीझरमध्ये ठेवली. तिच्या वाटणीचा खड्डा रिकामाच राहिला.

सकाळी त्या रिकाम्या खड्ड्याभोवती स्वच्छ, नितळ वर्तुळ.

फ्रीझर उघडून पाहिला. बाटलीची टेप तशीच, आतला अर्क दगडासारखा.

"शेजारचा थेंब सांडला असेल," सर म्हणाले. "नाहीतर जंतू." पण जेलीत जंतू मारायचं औषध घातलेलं होतं. म्हणून त्यांच्यादेखत मी नवी बशी केली. एकच खड्डा, तोही रिकामा. झाकण सरांनी स्वतः लावलं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा वर्तुळ. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "कुठे बोलू नका," एवढंच म्हणाले.

मग मी बाटली काढली, अर्क वितळू दिला. "आले हं," म्हटलं आणि कोरीचा अर्क नव्या बशीतल्या खड्ड्यात सोडला. वर्तुळ आलं... साधं, तिच्या गटातल्या इतरांएवढंच. त्यानंतर रिकामा खड्डा कधीच नितळ झाला नाही.

जंतू म्हणा, माझी चूक म्हणा. मी सगळं तपासून थकले. एवढंच कळतं की मी तिला टाळत होते, आणि तिनं मला टाळलं नाही.

आता माझ्या हाताखाली मुलं शिकतात. प्रत्येक बशीत मी एक रिकामा खड्डा जास्तीचा पाडायला लावते. सकाळी झाकण मीच उघडते आणि आधी हळूच "आले हं" म्हणते. जेली गढूळच असते.

घरी कुलूप उघडताना मात्र मी आता काही म्हणत नाही.