लिलावातलं चित्र

चांद्याच्या लाकूड डेपोत लिलाव पुकारणारे आमचे शेजारी भाऊ सागवानाच्या ओंडक्याचीही अशी तारीफ करत, की घेणाऱ्याला मुलगी बघायला आल्यासारखं वाटे.

माजरीच्या खाणीतला एक साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान पुकारायला त्यांनाच बोलावलं. पलंग, कपाटं झपाझप गेली. मग दोन गड्यांनी पुरुषभर उंचीचं चित्र आणलं. त्यात माणूस नव्हता, झाड नव्हतं. नुसते काळे त्रिकोण आणि लाल चौकोन. भाऊंनी तोंड उघडलं, पण शब्द सुचेना.

"बैलबंडीवर झाकायले बरं हाय," म्हणत एका व्यापाऱ्याने हसतहसत बोली लावली.

भाऊ टेबलावरून उतरले, गर्दीत जाऊन उभे राहिले आणि स्वतःच वरची बोली बोलले. व्यापाऱ्याने हात झटकले आणि चित्र भाऊंचं झालं.

काही दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. चित्रासाठी कपड्यांच्या खुंट्या उपटून टाकल्या होत्या. भाऊ समोर बसलेले.

"भाऊ, काऊन घेतलं हे?"

"त्याच्यात काय हाय, मले समजत नाई. पन नजर हटत नाई. पाहून राह्यलो."

त्यांनी सरकून जागा दिली. मी जरा टेकलो. आतून वहिनींनी जेवायला हाक मारली, तेव्हा आम्ही दोघेही दचकलो.