संगणकतज्ज्ञ मामा आणि मोज्याची टाच

माझे मामा नोकरीत असताना भर उन्हाळ्यात स्वेटर घालून घराबाहेर पडायचे. गल्लीतली माणसं घामाने निथळत असायची आणि मामा गळ्यापर्यंत बटणं लावून सायकलवर. कुणी हटकलं की म्हणायचे, "संगणकाच्या खोलीत काम असतं. तिथे मशीनला उकडू नये म्हणून माणसांना गारठवतात."

हे खरंच होतं. वीज कंपनीची बिलं छापणारा तो संगणक म्हणजे ओळीने उभी केलेली लोखंडी कपाटंच, आणि त्यांच्यावर दिवसभर गार हवेचा मारा. मशीन चालवायला इंजिनियर होते. मामांचं काम प्रिंटरला कागद लावायचा, छापलेल्या बिलांच्या कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडायच्या आणि गठ्ठे बांधायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं. पण सांगताना म्हणायचे, "मी जन्मभर संगणकावर काम केलं." 'शेजारी'च्या जागी 'वर' म्हणायचे, एवढीच काय ती थाप.

बिलं छापून व्हायला तासन्‌तास लागत. त्या वेळात मामा काय करायचे हे मामीलासुद्धा पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतं. तिला दिसायचं ते एवढंच, की दर वर्षी नवऱ्याच्या अंगावर नवा, मापात बसलेला, सुबक स्वेटर. कुणी दिला म्हटलं की उत्तर ठरलेलं : "ऑफिसातल्या एका बाईंनी."

पहिल्या स्वेटरला मामी गप्प बसली. दुसऱ्याला तिने भांडी आपटली. तिसऱ्याला ती पदर खोचून थेट ऑफिसात जाऊन धडकली. त्या बाई तिच्या आईच्या वयाच्या निघाल्या आणि चष्मा कपाळावर चढवून डुलक्या घेत होत्या. प्रिंटरच्या मागे कागदाच्या खोक्यावर बसून सुया चालवत होते ते मामा. बाईंनी फक्त शिकवलं होतं. विणत होते मामाच.

मामी हसत हसत घरी आली, आणि आल्यावर घाबरली. "हे कुणाला म्हणून कळू देऊ नका. मला तर साधं बटण लावता येत नाही. लोक म्हणतील, बायको नवऱ्याला विणायला बसवते."

मामांनी शब्द पाळला. दार लावून विणायचे, कुणी आलं की सुया गादीखाली. त्यामुळे त्यांच्याकडे पाहुणे गादीवर जरा जपूनच बसत.

निवृत्तीनंतर मीच त्यांना फोन घेऊन दिला आणि विणकामाच्या एका ग्रुपमध्ये घातलं. नुसतं वाचतील, नमुने बघतील, वेळ जाईल, असा माझा हिशोब. ग्रुप सगळा बायकांचा. चालवणाऱ्या होत्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळे 'शाळेच्या बाई' म्हणत. काही महिने मामा अगदी गुणी मुलासारखे गप्प राहिले.

मग एकीला मोज्याची टाच जमेना. सल्ले देणाऱ्यांची झुंबड उडाली आणि प्रत्येक सल्ल्यागणिक टाच आणखी वाकडी झाली. मामांना ते बघवेना. त्यांनी लिहिलं : "निम्मे टाके सुईवर झोपवून ठेवा. उरलेल्यांवर चौकोनी पट्टी विणा. मग ओळ पूर्ण न करता मधूनच मागे वळा, प्रत्येक वेळी एक टाका जोडून घ्या. टाच आपोआप वाटीसारखी होईल."

टाच वाटीसारखी झाली. कुणीतरी विचारलं, "भाऊ, तुम्हाला कसं ठाऊक? वहिनी विणतात वाटतं?"

हो म्हणाले असते तर विषय तिथेच संपला असता. पण मामीला बटण लावता येत नाही, आणि उद्या कुणी तिला एखादी टाच विचारली तर? मामांची पाचावर धारण बसली, आणि त्या घाबरगुंडीत त्यांनी लिहून टाकलं : "मी संगणकतज्ज्ञ आहे. विणकामाचा प्रोग्रॅम तयार केला आहे. माप टाकलं की टाके बाहेर येतात."

झालं! धडाधड मापं यायला लागली. नातवाची छाती, सुनेचा दंड, एकीने तर कुत्र्याची कंबर पाठवली. मामा पेन्सिल घेऊन चौकटीच्या कागदावर आकडेमोड करायचे आणि उत्तर धाडायचे. उशीर झाला की बायका विचारायच्या, "तुमचा संगणक एवढा हळू कसा हो?" मामा लिहायचे, "तापलाय." एकदा जेवून जरा आडवे झाले तर त्यांनी तेच कारण दिलं.

त्या ग्रुपमध्ये एक बँकेतल्या बाई होत्या. आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळलेल्या. त्यांची मुलगी सॉफ्टवेअरमध्ये. बाईंनी सर्वांसमोर विचारलं : "माझी मुलगी विचारतेय, प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहिला आहे?"

मामांनी ताबडतोब उत्तर दिलं : "आपल्याच. परक्या भाषेत लिहिणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

मुलगी म्हणे खुर्चीवरून पडायची राहिली. पण निम्म्या ग्रुपने त्या उत्तराला टाळ्या दिल्या, आणि तिथून जी जुंपली ती जुंपलीच.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, हा माणूस भामटा आहे. औषधांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई मामांच्या बाजूने उभ्या ठाकल्या : "माझ्या नातवाला स्वेटर पहिल्या फटक्यात बसला. मला भाषेशी काय देणंघेणं?"

"स्वेटर बसला म्हणून कुणी तज्ज्ञ ठरतो का?"

"आणि मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून आई तज्ज्ञ ठरते का?"

"भाषेचं नाव सांगायला एवढं काय जड जातंय?"

"मोठी माणसं सगळं सांगत सुटत नाहीत!"

मग दोघींच्या मागे फळ्या तयार झाल्या. एकीने लिहिलं की खरे तज्ज्ञ असेच अबोल असतात. दुसरीने लिहिलं की तिच्या घरचा फ्रिजही अबोल आहे. दोघी-तिघी रागाने ग्रुप सोडून गेल्या आणि पुढे काय झालं ते कळेना म्हणून परत आल्या. कुत्र्याच्या स्वेटरचं कुणी नावच काढेना.

शेवटी शाळेच्या बाईंनी छडी आपटावी तसा निरोप टाकला : "येत्या रविवारी दुपारी सर्वांनी व्हिडिओवर यावे. भाऊ प्रोग्रॅम चालवून दाखवतील. तोवर कुणीही बोलू नये."

मामा त्याच दिवशी मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत आरशात बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, मला एक प्रोग्रॅम लिहून दे."

"मामा, मी चष्मे विकते."

"तुमच्या पिढीला येतं ना सगळं."

"खरं सांगून टाका ना. त्यात लाजायचं काय?"

"तुझ्या मामीला शब्द दिलाय," मामा म्हणाले, आणि उगाच एक फ्रेम डोळ्यांवर लावून बघितली. "शिवाय आता उशीर झाला. त्या औषधवाल्या बाई माझ्यासाठी किती भांडल्या गं!"

आमच्या मामांनी सगळ्या ग्रुपला मामा बनवलं होतं, आणि आता त्यांना स्वतःला पळायला वाट नव्हती.

रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मी फोनवर सगळं बघत होते. चौकटी-चौकटीतून बायका दाटीवाटीने बसलेल्या. काहींनी घरच्यांनाही गोळा केलेलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून गादीशेजारच्या टेबलापाशी खुर्चीत. शाळेच्या बाई म्हणाल्या, "हं, करा सुरुवात."

मामा घसा खाकरून म्हणाले, "संगणक तापलाय. पाच मिनिटं द्या." आणि त्यांनी एक बटण दाबलं.

त्यांची समजूत अशी, की त्या बटणाने आपण दिसेनासे होतो. बंद झाला होता फक्त आवाज.

इकडे रण पेटलं. "बघा, पळाला!" "पाच मिनिटं तरी थांबा ना!" "तापलाय म्हणे, पोळ्या भाजतो का त्याच्यावर?" मामा सगळं ऐकत होते. त्यांचा चेहरा आंबट होत चालला होता. आणि भांबावलेला माणूस नखं खातो तसा त्यांनी गादीखाली हात घातला, सुया काढल्या आणि विणायला लागले.

मी फोन लावला, त्यांनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मामीला लावला तर ती गच्चीवर. "कपडे वाळत घालतेय, मग कर," म्हणून तिने ठेवूनही दिला.

भांडण चालूच होतं. मग एक चौकट गप्प झाली. मग दुसरी. औषधवाल्या बाई एकट्याच तावातावाने बोलत राहिल्या, तेव्हा बँकेतल्या बाई म्हणाल्या, "अहो, थांबा जरा. त्यांचे हात बघा."

सगळ्या बघायला लागल्या. मामा सुयांकडे बघतही नव्हते. टाके मोजावे लागत नव्हते, धागा ओढावा लागत नव्हता. बघता बघता टाच वळली आणि मोजा पुढे पावलाकडे निघाला. कुणीतरी पुटपुटलं, "अगं बाई, किती सारखे टाके!"

आवाज बंद कसे झाले म्हणून मामांनी मान वर केली आणि त्यांना स्वतःचीच चौकट दिसली. मग ते सरळ टेबलाखाली गेले. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि तिच्यावरून खाली गेलेला लोकरीचा धागा.

तेवढ्यात मामी गच्चीवरून आली. रिकामी खुर्ची, टेबलाखाली नवरा आणि फोनमधून टक लावून बघणाऱ्या एवढ्या बायका. तिला सगळं कळलं. ती खुर्चीत बसली, फोन उलटासुलटा करून बघितला आणि नेमकं आवाजाचं बटण तिला सापडलं.

"ते विणतात," मामी म्हणाली. "मला बटणही लावता येत नाही. झालं समाधान?"

"म्हणजे प्रोग्रॅम नाहीच?" बँकेतल्या बाईंनी विचारलं.

"कसला प्रोग्रॅम! टीव्ही मी लावून देते त्यांना." मग खाली वाकून म्हणाली, "अहो, बाहेर या. गुडघे धरतील."

मला वाटलं, आता बँकेतल्या बाई सालटी काढणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, टाच परत एकदा दाखवा. हळू."

भडकल्या त्या औषधवाल्या बाई. "ज्याच्यासाठी मी सगळ्या जगाशी वैर घेतलं, तो टेबलाखाली!" असं म्हणून त्या निघून गेल्या. मामांनी त्यांना लांबलचक माफी लिहून पाठवली. पुष्कळ दिवस उत्तर नाही. मग एक दिवस नुसतंच नातवाच्या डोक्याचं माप आलं. मामांनी त्याच दुपारी टाके कळवले. संगणक तापल्याचं काही बोलले नाहीत.

त्या थापेनंतर ग्रुपमध्ये त्यांच्या नावापुढे लागलेलं 'संगणकतज्ज्ञ' त्यांनी माझ्याकडून खोडून घेतलं. तिथे काय लिहू म्हटलं तर विचार करून म्हणाले, "काही नको. लोक बघतील."

भांडणं थांबली असं मात्र नाही. मामा धागा डाव्या हाताने धरतात ते बरोबर की चूक यावर आता दोन तट आहेत, आणि चूक म्हणणाऱ्यांच्या पुढारी बँकेतल्या बाईच. परवा त्या समजावून द्यायला स्वतः घरी आल्या. मामीने मला फोन केला तेव्हा मागून दोघांचे चढलेले आवाज ऐकू येत होते.

"दुपारपासून एका मोज्यावर चाललंय," मामी म्हणाली. "यांनी विणायचं, तिने उसवायचं, तिने विणायचं, यांनी उसवायचं. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. मी म्हटलं, अहो, पाय कुणाचा आहे ते तरी ठरवा! तर दोघं एकदमच माझ्यावर ओरडली."

"मग गं?"

"मग काय, तिसरा चहा फक्त माझ्यापुरता केला."