कुंपणाबाहेर काढलेल्या चपला

ये गं, अशी जवळ बस. किती दिवस बघतेय मी तुला. गावदेवीच्या देवळात येतेस, मागच्या खांबाला टेकून बसतेस आणि आरती संपायच्या आत, प्रसादालासुद्धा न थांबता, एक चप्पल पायात नि एक हातात अशी निघून जातेस. देवी काय तुला खाणार आहे? तुझं नाव मी इथे लिहीत नाही. पण उमेळ्यात आमच्या वाडीला लागून जी बिल्डिंग झालीय, तिच्यात तू राहतेस, आणि संध्याकाळ झाली की तुझ्या घरातला टीव्ही मोठा होतो. का मोठा होतो ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे रेडिओ मोठा व्हायचा. आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणूनच रागावतेय तुझ्यावर. इतकं एकटीने गिळत बसू नये, बाई. मी काही फार शिकलेली नाही, पोथी वाचता वाचता अक्षरं जुळवायला शिकले, तेव्हा बोलते तशीच लिहिते. तू ऐक.

आमच्या घरात पिणारा होता तो माझा धाकटा दीर, भास्कर. सासूबाई लवकर गेल्या, त्याला मीच वाढवला. तो मला आईच्या जागी धरतो, आणि आईला फसवावं तसंच मला फसवायचाही. आधी लग्नकार्याला, मग रविवारी, मग रोज. मग दारू पुरेना तेव्हा कुठल्याशा गोळ्या. त्याचं लग्न जमलं नाही, नोकरी टिकली नाही. आमचे हे ओरडायचे, मी रडायचे, आणि तो म्हणायचा, "वयनी, मी काय रोज घेतो का? मनात आनलं तर उद्या सोडीन." हे असं म्हणणं ही या दुखण्याची पहिली पायरी. घरातले सगळे त्याच पायरीवर बसून असतात, कारण आपल्यालाही ते खरं वाटायला हवं असतं.

पण एक होतं. आमची पानवेल आहे, विड्याच्या पानांची, आजेसासऱ्यांच्या वेळेपासूनची. तिला आम्ही देवीचं ठाणंच मानतो. आत जाताना चपला कुंपणाबाहेर काढायच्या, आंघोळ करून जायचं, आणि दारू प्यालेल्या माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. भास्कर कितीही झिंगलेला असो, त्याने हा नेम कधी मोडला नाही. झोकांड्या खात यायचा, कुंपणाला धरून उभा राहायचा, पण आत यायचा नाही. मी देवीला म्हणायचे, एवढा धागा तरी शिल्लक ठेवलास, तोच धरून त्याला ओढ.

एका वर्षी आम्ही देवीला कौल लावला. तुमच्याकडे लावतात की नाही माहीत नाही. देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची कळी लावायची, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होकार. भास्कर दारू सोडेल का, विचारलं. उजवी कळी पटकन पडली. आम्हाला कोण आनंद! त्याने देवीसमोर विडा ठेवून शपथ घेतली, आणि आम्ही त्याच दिवशी त्याला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली. देवीने हो म्हटलंय ना, मग आता दारूचा थेंबही नको. तोही तयार होता, "कडी घाला वयनी," म्हणाला. देवीचा कौल खरा होता. पण तो सोडेल एवढंच तिने सांगितलं होतं, कोंडून घाला असं काही ती म्हणाली नव्हती. ते आमचं आम्ही घातलं.

पहिल्यांदा घाम, मग थरथर. मग भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या त्याला, नसलेल्या. आम्हाला वाटलं, विष बाहेर पडतंय, पडू दे. भर दुपार होती. हे बाजाराला गेलेले, घरात मी एकटी. आतून धाड्‌कन आवाज आला. कडी काढून बघते तर भास्कर जमिनीवर, डोळे पांढरे, हातपाय ताठ होऊन झटके देतायत. मी देवीचं नाव घेतलं, पण मला देवी आठवली नाही गं, नुसती जीभ हलत होती.

आणि तेवढ्यात कुंपणाशी कुणीतरी हाक मारली, "घरात कोण आहे का? लावायला पानवेलीचं बेणं मिळेल का?"

एक उंच, पिकल्या केसांचा माणूस होता, गळ्यात क्रूस. मी ओरडत दारात आले, पण काही सांगायच्या आधीच तो चपला काढून धावत आत आला. भास्करला कुशीवर वळवलं, तोंडाजवळचं सगळं बाजूला केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, याची दारू एकदम बंद केलीत ना?" मी मान हलवली. "मला झालंय हे. रडू नको, रिक्षा बोलव. याला डॉक्टर पायजे, आत्ताच्या आत्ता."

इनासभाऊ त्यांचं नाव. होळी म्हणतात त्या भागात त्यांची भाजीची वाडी. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, इतकी पिणाऱ्याची दारू घरच्या घरी अशी तोडायची नसते, औषधं देऊन, लक्ष ठेवून सोडवावी लागते, नाहीतर जीव जातो. आणखी थोडा उशीर झाला असता तर... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मीही कधी केलं नाही.

मग मी इनासभाऊंना विचारलं, तुम्ही नेमके आमच्याकडे कसे आलात? ते हसले. म्हणाले, "तुमच्याकडे कुठे येत होतो? शेजारच्या वाडीत माझ्या बापाच्या ओळखीचं घर होतं, त्यांच्याकडे जुन्या जातीचा वेल होता. बघतो तर तिथे बिल्डिंग! परत फिरलो, तर तुमचं कुंपण दिसलं."

ती तुझी बिल्डिंग गं. ती उभी राहत असताना मी तिला किती शिव्या दिल्या असतील! आमचं ऊन गेलं, विहिरीचं पाणी खाली गेलं. ती वाडी तिथे असती तर इनासभाऊ तिकडेच जाऊन बेणं घेऊन घरी गेले असते. मी यावर वाद घालत नाही. संध्याकाळी दिवा लावताना त्या बिल्डिंगकडेही एकदा हात जोडते, एवढंच.

पुढे भास्कर व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. शरीर लवकर सुधारलं. खायला लागला, चहात साखर तर इतकी घालायचा की चमचा उभा राहावा. मला वाटलं, झालं, सुटला! इनासभाऊ म्हणाले, "अंगातून गेली, बाय. डोक्यातून जायला वेळ लागेल." आणि ते खरं होतं. घरी आल्यावर सगळ्यात कठीण होती ती संध्याकाळ. प्यायची वेळ झाली की तो पिंजऱ्यातल्यासारखा फेऱ्या मारायचा. म्हणून मी पानं लावायचं काम सकाळचं संध्याकाळवर नेलं. टोपली मध्ये ठेवायची, पान पुसायचं, देठ जुळवायचे, गड्डी बांधायची. त्याचे हात कापायचे, पानं फाटायची. फाटलेलं पान ना देवीला चालत, ना बाजारात. ती आम्ही दोघं खायचो.

"वयनी, असंच चाललं तर आपण दोघं पानांतच बुडू," तो म्हणायचा.

"बूड. बाटलीपेक्षा बरं."

"तुम्ही पोलिसात पायजे होता."

"तिथे तुझ्यासारखा कैदी मिळाला असता का मला?"

हळूहळू फाटक्या पानांचा ढीग लहान होत गेला. त्याच्या प्रकृतीचा मला तोच दाखला. मध्ये राग आला, कारण नसताना भांडी आपटायचा. मग लाज आली. मग तो एकेका घरी जाऊन, ज्यांना दुखावलं होतं त्यांची माफी मागून आला. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच परत पाठवला. दोन्ही घेऊन आला. इनासभाऊंबरोबर दर आठवड्याला सभेला जायचा. तिथे सगळे असेच, कुणी बँकेतला, कुणी मच्छीवाला, एव्हरशाईन सिटीतला एक मोठा साहेबही. आपापलं सांगतात, दुसऱ्याचं ऐकतात.

आणि मग तो घसरला. नात्यातली हळद होती. आमच्याकडच्या हळदी तुला माहीत आहेत, डीजे आणि ग्लास. "एवढ्याशाने काय होतं" म्हणणारा एक तरी असतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत होते. थंडी सरली होती, वेलाची उतरण चालली होती. म्हणजे काय तर, वर्षभरात वेल उंच जातो, खालचं खोड उघडं पडतं, पानं लहान येतात. मग आम्ही तो आधारावरून सोडून खाली घेतो, उघड्या खोडाचं वेटोळं करून मुळाशी मातीत पुरतो आणि फक्त शेंडा पुन्हा केळीच्या सोपटाने, म्हणजे वाळल्या सालीच्या पट्टीने, बांधतो. नव्या माणसाला वाटतं, वाट लावली वाडीची. पण पुरलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात.

भास्कर आला. कुंपणाबाहेर मातीत बसला. चपला पायातच. "वयनी, मी घेतली. आत येत नाय."

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. इतकं केलं तुझ्यासाठी, मेल्या! हातात तो खाली घेतलेला वेल होता, त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी देवीला अटी घालत होते, एवढं कर, मग ओटी भरीन, मग नारळ फोडीन. त्या सकाळी पहिल्यांदा काही मागितलं नाही. म्हटलं, आई, हा तुझा. मी तुझी. पुढचं तू बघ, मी माझं काम करते. आणि मला एकदम हलकं वाटलं, पण हात थांबले नाहीत.

मी म्हटलं, "मग बाहेरच बस. नेम मोडायचा नाही. इनासभाऊंना फोन लाव, तुझा तू लाव. आणि शेवटचा वाफा मी उतरवत नाही, तो तुझ्यासाठी ठेवते. अंगातली जाईल तेव्हा आंघोळ करून ये."

त्याने फोन लावला. रडला. इनासभाऊ आले, त्याच्याशेजारी मातीत बसले, मग त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. पुढे तो चपला बाहेर काढून आत आला तेव्हा शेंडे थोडे सुकले होते त्या वाफ्यातले. त्याने एकेक वेल खाली घेतला. त्या वाफ्याला नंतर इतकी मोठी पानं आली की देवीच्या विड्याला आम्ही तिथलीच काढतो.

तो वाफा आता दर वर्षी तोच उतरवतो. अजून तो म्हणतो, "सुटलो असं म्हनू नका वयनी, आज नाय घेतली एवढं म्हना." हळदीला जातो, जेवतो, आणि डीजे सुरू व्हायच्या आत घरी येतो. इनासभाऊंना बेणं दिलं, बरं का. त्यांच्या वाडीत वेल चांगला चढलाय.

तर बाई, आता थंडी सरलीय, येत्या आठवड्यात आमची उतरण आहे. टीव्ही बंद कर आणि ये. नवरा आला तर उत्तम, भास्कर त्याच्याशी बोलेल. तो प्यालेला असला तर त्याला कुंपणाबाहेर बसव, तिथे बसायला आम्ही आता एक बाक घातलाय. आला नाही तर तू एकटी ये. घरात कडी घालू नकोस, एकटीने काही सोडवायला जाऊ नकोस. चपला बाहेर काढ, दोन्ही. या खेपेला शेवटचा वाफा मी तुमच्यासाठी ठेवतेय, आणि शेंडे फार दिवस थांबत नाहीत. लवकर ये.