पूल वाचवणाऱ्यांपासून पूल वाचवताना

चार शहाणी माणसं चांगल्या कामासाठी एकत्र आली की काम होतं की नाही माहीत नाही, किस्से मात्र दर मीटिंगला होतात. आमच्या पूल बचाव कमिटीचे इतके साचलेत की मैत्रिणी आता ‘कशी आहेस’ विचारतच नाहीत. ‘पुलाचं काय नवीन?’ एवढंच!

पूल हैदराबादच्या सुलतान बाजाराच्या मागे, नाल्यावर. जुना, दगडी, फक्त पायी जायचा. दोन्ही कठड्यांना काकणांच्या, रिबिनींच्या, जुन्या पुस्तकांच्या दुकानांची दाटी. सरकारला तो पाडून मोटारींचा पूल बांधायचाय. मी जामबागेत ज्या शाळेत शिकवते तिथल्या निम्म्या मुली याच पुलावरून येतात. एकीच्या आईने मला सरळ सांगितलं, "पूल पडला की पोरगी घरी बसली बघा बाई. मोटारींच्या गर्दीतून एवढा वळसा घालून नाही पाठवायची मी." म्हणून मी कमिटीत. माझं वय चोवीस. माझ्यानंतरचे सगळ्यात तरुण सभासद पन्नाशीचे!

*

पहिली मीटिंग वाचनालयाच्या मागच्या खोलीत. अध्यक्ष आप्पा वकील, आमचे शेजारी. प्रश्न एकच, अर्ज कोणाला करायचा? हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचं ठरलेलं. मराठवाडा मुंबईकडे, कानडी भाग म्हैसूरकडे, आणि आमचं शहर आंध्राबरोबर.

"आत्ता अर्ज केला तर उत्तर द्यायला हे सरकार राहणार नाही," आप्पा म्हणाले.

"मग नव्या सरकारला करू."

"ते अजून आलेलं नाही."

"मग पूल पाडतंय कोण?" मी विचारलं.

आप्पांनी डोळे मिटून विचार केला. "चांगला मुद्दा आहे. पुढच्या मीटिंगला घेऊ!"

*

सेक्रेटरी तर टिकतच नव्हते. ज्याला नेमावं त्याची राज्याच्या वाटणीत औरंगाबादला बदली! मग शाल, नारळ, भाषणं, आणि पुलाचा विषय पुढे ढकललेला. एक जण नेमणुकीचे आभार मानायला उभे राहिले, तेवढ्यात घरून निरोप आला की ऑर्डर आली. त्यांनी आभाराचं भाषण न थांबता निरोपाचं करून टाकलं.

"औरंगाबादेतूनही माझं पुलावर लक्ष राहील," म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझ्याशिवाय सगळ्यांनी.

*

आप्पांचं सगळं शिक्षण उर्दूत. नवं सरकार आल्यावर त्यांनी असा देखणा अर्ज लिहिला की वाचताना स्वतःच दोनदा ‘वाह’ म्हणाले. पण ज्यांना द्यायचा ते इंजिनिअरसाहेब निघाले कर्नूलहून नवीनच आलेले. त्यांना तेलुगू येतं, इंग्रजी येतं, हिंदी मोडकंतोडकं. उर्दू वाचता येत नाही.

मग मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. पूल पाडू नका, मुलींची शाळा सुटेल.

"अगं, यात अदब कुठे आहे?" आप्पा कळवळले.

अदब घालता घालता अर्ज लांबत गेला आणि मुली त्यातून गळून पडल्या! साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि नम्रपणे विचारलं, "फार सुंदर. पण तुम्हाला हवंय काय?"

*

देशपांडे मास्तर म्हणजे कमिटीचा इतिहास विभाग. निवृत्त हेडमास्तर. पूल एका नवाबाने बांधला असं ते म्हणत. आप्पा म्हणत, दुसऱ्यानेच. हा वाद त्यांनी एकदा थेट पुलावर उभं राहून घातला, रहीमाबीच्या काकणांच्या दुकानासमोर, ऐन बाजाराच्या वेळी. गिऱ्हाइकं काकणं सोडून वाद ऐकत राहिली.

शेवटी रहीमाबीनेच हात जोडले. "पुराना है बोलके वो तोडते कते. पुराना है बोलके तुम बचाते कते. मेरेकू इत्ताच बोलो मास्टरसाब, मैं दुकान लगाऊँ के नक्को?"

मास्तर म्हणाले, "याचा अभ्यास करावा लागेल."

*

आणि मागच्या आठवड्यातली ही गोष्ट. दुपारी कमिटी वाचनालयात बसलेली असताना इंजिनिअरसाहेब स्वतः आले. घामाने डबडबलेले, हातात कागदात गुंडाळलेली हिरवी काकणं.

"मोजमाप करायला आलो होतो," ते म्हणाले. "सगळा बाजार दोनदा पालथा घातला. बायकोसाठी काकणंसुद्धा घेतली. पण पूल काही दिसला नाही. नालाही दिसला नाही. नुसती दुकानंच दुकानं! बहुतेक पूल आधीच पडून गेलाय. तसा रिपोर्ट लिहिलाय. आज पाचला ऑफिस बंद व्हायच्या आत तो वर जाईल, की पाडायची ऑर्डर रद्द. उगाच तुम्हाला त्रास झाला."

नमस्कार करून साहेब गेले. मी तोंडावर पदर दाबून बसले होते. उड्याच मारायच्या बाकी होत्या!

कमिटीचे चेहरे मात्र सुतकी.

"पूल नाही म्हणजे?" देशपांडे मास्तर म्हणाले. "एवढा ऐतिहासिक पूल, आणि नाही?"

"हा कमिटीचा अपमान आहे," आप्पा उठले. "मास्तर, फोटो घ्या. जुने नकाशे घ्या. आत्ताच्या आत्ता ऑफिसात जाऊन पूल आहे हे सिद्ध करू!"

"आप्पा, अहो, आपण जिंकलोय!"

"तू लहान आहेस. खोट्यावर जिंकायचं नसतं."

सगळे टोप्या घालू लागले, काठ्या शोधू लागले. घड्याळात साडेचार वाजले होते.

"चहा तरी घेऊन जा," मी म्हणाले. "आलेच."

बाहेर आले, दार ओढलं, वरची कडी घातली आणि पायरीवर बसले.

"अगं पोरी," आतून आप्पा दार ठोठावत होते, "उघड! पाच वाजतील!"

"हौ आप्पा," मी म्हणाले. "वाजू द्या."