रिकामी फाइल

ऑफिसात त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. प्रोग्राम कुठल्या फाइलींपासून आणि कशा क्रमाने तयार करायचा, याची कृती मेकफाइलमध्ये लिहिलेली असते. तिच्यातली एखादी फाइल जागेवर नसली की मशीन अडून बसतं, आणि मग वैद्यबुवांना बोलावणं. दुखणं किरकोळ असलं तर औषध ठरलेलं: त्या नावाची रिकामी फाइल ठेवून द्यायची. मशीन फक्त नाव बघतं, आत कशाला डोकावतंय! "याचं तोंड बंद केलं, तुमचं चालू द्या," म्हणत तो चहाला जायचा.

आईची नजर गेली तेव्हा धाकट्या भावाने तिच्या उशाशी एक डबी करून ठेवली. बटण दाबलं की ती त्याच्याच आवाजात वेळ सांगायची, "आई, चार वाजले. चहा मागून घे, लाजू नकोस." दोघा भावांचा आवाज इतका सारखा की फोनवर आईसुद्धा फसायची. पुढे धाकटा अपघातात गेला. डबी बोलत राहिली. आई दिवसभर बटण दाबायची. वेळेशी तिला काय देणंघेणं होतं!

एका रविवारी ती म्हणाली, "माझे कानही चाललेत रे. त्याला जरा मोठ्याने बोलायला सांग."

हातचा मळ होता हा. वैद्यबुवाने डबी कॉम्प्युटरला जोडली, आवाज वाढवायची ओळ बदलली आणि सवयीप्रमाणे आधी डबीतलं जुनं तयार झालेलं सगळं पुसलं. मग मेकफाइलीतली कृती करून घेणारं 'मेक' चालवलं. पडद्यावर उमटलं: आवाजाची फाइल नाही आणि ती बनवायची कृती ठाऊक नाही.

त्याने धाकट्याची मेकफाइल उघडली. आवाज धाकट्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून घ्यायचा, असं तिथे लिहिलं होतं. तो कॉम्प्युटर ऑफिसने केव्हाच कोरा करून दुसऱ्याला दिला होता. उरलेली एकुलती प्रत डबीत होती, ती त्याने आत्ताच पुसली. भाऊ पुन्हा गेला होता, आणि या खेपेला त्याच्या हातून.

"झालं का रे?" आतून आईने विचारलं.

काय सांगणार कपाळ! त्याने रिकामी फाइल ठेवली. मेक मुकाट्याने पार पडलं. डबी त्याने तिच्या उशाशी नेली.

आईने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. डबी कानाशी धरली.

"आई..." खरं सांगून टाकायला त्याने तोंड उघडलं, पण गळा दाटून आला.

तिचा चेहरा उजळला. "आता कसं, स्वच्छ ऐकू आलं!" मग ती जरा थांबली. "पण त्याला रडायला काय झालं रे?"