खडूची केबिन

आमच्या जिन्याखाली टेलर मास्तरांचं दुकान आहे आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत मास्तर आणि वहिनी राहतात. मी बरोबर त्यांच्या डोक्यावर राहतो. त्यामुळे त्यांच्या घरातलं मला जे कळतं ते मी चोरून ऐकलेलं नसतं, ते आपसूक वर येतं. जे येत नाही ते आणायला मी चहाच्या वेळेला खाली जातो.

अडतीस वर्षं दोघं एकाच दुकानात काम करतायत. मास्तरांचं मशीन रस्त्याकडे तोंड करून, वहिनींचं मागच्या भिंतीकडे. कापणं, शिवणं मास्तरांचं. काजं, बटणं आणि हातशिलाई वहिनींची. सगळा संसार पाठीला पाठ लावून झाला. काळा दोरा दे, घ्या. इस्त्री तापली का, तापली. एवढ्या बोलण्यावर एक मुलगी जन्मली, शिकली, लग्न होऊन दूर गेली, याचं मला अजून नवल वाटतं.

या मुलीनं आणि जावयानं ठरवलं की आईबाबांना क्रूझवर पाठवायचं. तेही साधंसुधं नाही, लक्झरी, सात दिवसांचं. तीन कंपन्यांची माहितीपत्रकं आली. यातली एक निवडा आणि शुक्रवारी सकाळपर्यंत सांगा, नंतर खोल्या मिळणार नाहीत, असा मुलीचा निरोप.

वहिनींना जायचं होतं. तसं त्या कुणाला बोलल्या नाहीत, पण चारी बाजूंनी नुसतं पाणी असलेलं एक पान त्यांनी फाडून घेतलं आणि आपल्या मशीनसमोरच्या भिंतीवर टाचणीनं टोचलं. मास्तरांचं मात्र घोडं अडलेलं. एकदा मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "सात दिवस एका खोलीत. हातात काम नाही. बोलायचं काय?"

मी म्हटलं, मी येतो की सोबत, मध्ये बसतो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझा चहा संपवला.

बायकोशी बोलायला विषय नाही, हे काही मुलीला कळवण्यासारखं कारण नव्हे. मग मास्तर कंपन्यांत खोट काढायला लागले. माणूस कुठलीही वस्तू आपल्या धंद्याच्या डोळ्यांनीच बघतो. पाच उपाहारगृहं, पोहण्याचा तलाव, वाद्यवृंद, यातलं काही मास्तरांना दिसलंच नाही. निळ्या माहितीपत्रकावर कॅप्टनचा फोटो होता. मास्तरांनी तो खिडकीशी नेला, भिंग लावलं आणि कंपनी बाद केली.

"डावी बाही अर्धा इंच लांब आहे. आरशात स्वतःची बाही दिसत नाही, त्याला समुद्रातला खडक दिसणार आहे?"

उरल्या दोन, माहितीपत्रकांच्या रंगावरून सोनेरी आणि पांढरी. सोनेरीच्या जहाजावर खोली मोठी, सोफा, आणि दिमतीला एक खास माणूस. पांढरीचं जहाज लहान, खोलीही लहान, पण खिडकी चांगली ऐसपैस. मास्तरांनी दोन्हीकडे फोन लावले. पांढरीची फोनवरची मुलगी बिचारी मालिश आणि मेजवान्यांबद्दल सांगत होती, आणि हे तिला पलंग नि कपाट यांच्यामधली जागा विचारत होते. शेवटी तिनं आणखी काही मदत हवी आहे का असं विचारलं, तर म्हणाले, तुमचे गणवेश कोण शिवतं?

मापं मिळाली. सोनेरीची खोली चौदा फूट रुंद, पांढरीची दहा. आता मास्तर कुणाला साधी पँटसुद्धा ट्रायल घेतल्याशिवाय देत नाहीत. आधी कच्ची शिलाई, मग गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायची, मग पक्की. तोच नियम जहाजाला. सोमवारी त्यांनी कापायचं टेबल भिंतीला सरकवलं, गुडघ्यांवर बसले आणि दुकानाच्या फरशीवर निळ्या खडूनं पांढरीची केबिन आखली. पलंग आखला, कपाट आखलं, न्हाणीघर आखलं. खिडकीच्या जागी वहिनींनी स्वतःचं समुद्राचं पान आणून ठेवलं. दुपारी दोन ते सहा दुकान बंद, दोघांनी रेषेच्या आत बसायचं, सुईदोऱ्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. तीन दिवस पांढरी, गुरुवारी सोनेरी.

खोली एवढी अरुंद की स्टुलांवर समोरासमोर बसलं तर गुडघ्याला गुडघा लागायचा. वहिनी कपाटाकडे जायला निघाल्या की मास्तरांना न्हाणीघरात उभं राहावं लागे. मी खांद्यावर टॉवेल टाकून खोलीपर्यंत सेवा देत होतो. म्हणजे वहिनींनी केलेला चहा मी चार पावलं चालून त्यांनाच नेऊन द्यायचो आणि बक्षिसी म्हणून त्यांचीच बिस्किटं खायचो. पहिल्या दिवशी खडूच्या दारावर टकटक न करता आत गेलो म्हणून मास्तरांनी मला परत पाठवलं. काचेतून बघायला लोक जमायला लागले. यात माझा हात होता असं काही जण म्हणतात. मी फक्त बेकरीवाल्याला सांगितलं होतं. त्याच्या तोंडाचा दोष माझ्यावर कशाला?

सोमवारी दोघं गिऱ्हाइकांबद्दल बोलले, ते वीस मिनिटांत संपलं. मग एकमेकांच्या खांद्यांवरून भिंतींकडे बघत बसले. मंगळवारी मास्तरांना ते सोसेना. अगदीच नाइलाज झाला तेव्हा, तोंडातून दात काढून द्यावा तसं त्यांनी एक गुपित काढून दिलं. एका न्यायाधीशाच्या कोटाचा आतला खिसा त्यांनी चुकून शिवून बंद केला होता. अकरा वर्षं तो कोट त्या माणसाच्या अंगावर दिसायचा आणि अकरा वर्षं हे रस्ता बदलायचे.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "दुसऱ्याच दिवशी त्यांची बायको कोट घेऊन आली होती. मी उसवून दिला खिसा."

 मास्तर असे हसायला लागले की स्टूल कपाटात गेलं. त्यानंतर जे सुरू झालं ते बुधवारी दोनला पुन्हा सुरू झालं. कोणतं गिऱ्हाईक उधळ्या होतं, कुणाची पोटं कुठल्या साली सुटली, आणि मास्तर लग्नाआधी वहिनींच्या बहिणीलाच बघायला कसे आले होते, इथपर्यंत गाडी गेली. मी जिन्यात बसून ऐकत होतो. चहा न्यायचा विसरलो आणि कुणी मागितलाही नाही.

पण मास्तर शेवटी मास्तर. गुरुवारी सोनेरीची केबिन आखून झाली, तीही अंगाला काचणारी निघाली, आणि संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. दोन्ही तंग. ट्रायलला नापास झालेला माल घ्यायचा नाही. शुक्रवारी मुलीला नाही म्हणून कळवायचं.  वहिनी समुद्राचं पान उचलून आत घेऊन गेल्या. मलाच कसंतरी झालं.

शुक्रवारी सकाळी मी मुद्दाम लवकर खाली गेलो. मास्तरांनी फोन हातात घेतला होता. वहिनी आतून आल्या, मास्तरांच्या गळ्यातली टेप काढून घेतली आणि फरशीवर बसून सोनेरीच्या खोलीवर आडवी लावली.

"सात भरतायत," त्या म्हणाल्या. "कागदावर चौदा लिहिलंय."

मास्तर वाकले. टेपकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग त्यांचे कान लाल झाले. कापड दुहेरी घडीवर ठेवून कापायचं असतं, म्हणून शिंपी रुंदीचं माप निम्मं करून आखतो. घडी उलगडली की कापड पुरं होतं. पन्नास वर्षं हात तेच करत आलेला. हातानं जहाजसुद्धा घडीवर आखलं होतं. पांढरीची खोलीही पाचच फुटांची निघाली होती. आणि फरशी काही उलगडत नाही.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगणार होते मंगळवारी. पण तुम्ही बोलायला लागला होतात."

 मास्तरांनी घाईघाईनं मुलीला फोन लावला आणि आवाज चढवून, जणू सगळं पहिल्यापासून ठरलेलंच होतं अशा थाटात सांगितलं की सोनेरी घे, ती मोठी, चौदा फुटांची, सोफा आहे, आईला पाय पसरता येतील.

वहिनींनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"पांढरी घे, बाळा. दहा फूटवाली." पलीकडून जावई काहीतरी समजावत असावा, वहिनींनी ते पुरतं ऐकून घेतलं. "नको हो. चौदा फुटांत हे पुन्हा पाठ करून बसतील. याहून लहान एखादी असली तर तीच बघा."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते खाली बसून ओल्या फडक्यानं सोनेरीची खोली पुसत होते.